पालथी पाटी

निळी प्लास्टिकची खुर्ची आनंदानं मोठ्या हौसेनं आणली होती. हर्णेच्या बाजारातून गाडीला मागं बांधून आणली, पडवीच्या खांबाला टेकवली, फडक्यानं पुसली आणि आईला काखेत धरून तिच्यात बसवली. "हितून आता उठायचा नाय, आये. काय हवा ता हाक मार. सून हाय, मी हाय."

त्याला महिना उलटून गेला. गणपतीच्या विसर्जनाला उंडीवाडीच्या पाखाडीवर, त्या दगडी पायऱ्यांच्या उतारावर, शेवाळलेल्या चिऱ्यावरून गोदूबाईचा पाय सरकला आणि ती सगळ्या अंगानिशी उजव्या गुडघ्यावर आली. हाड मोडलं नव्हतं. दापोलीच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून सांगितलं की गुडघा आधीपासूनच झिजलाय, वयच तसं आहे, थोडे दिवस आराम द्या. घरच्यांनी 'थोडे दिवस' तिथंच सोडले आणि 'आराम' तेवढा घरी आणला.

तेव्हापासून गोदूबाई खुर्चीत. पाण्याचा तांब्या हातात यायचा, चहा हातात यायचा. न्हाणीला जायचं तर सून मनिषा कमरेला हात घालून न्यायची आणि दाराबाहेर उभी राहून विचारायची, "झाला का, आई?" जिनं उभ्या जन्मात डोईवर ओल्या मासळीची पाटी घेऊन बंदराचा चढ चढला, तिला न्हाणीच्या दाराआडून "झाला" म्हणून सांगावं लागायचं. दिवसातून कितीदा तरी मनिषा पुढ्यात येऊन वाकायची. "दुखतंय का?" आनंदा बोटीवरून फोन करायचा. "दुखतंय का, आये?" ईशा, नात, शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी म्हणायची, "आजी, दुखतंय?"

आणि दुखायचं. विचारलं की दुखायचं, न विचारताही दुखायचं. सुरुवातीला गुडघ्यातच होतं. मग ते मांडीत शिरलं, कमरेत गेलं, आणि आता खुर्चीतून उठायच्या नुसत्या विचारानं गुडघ्यात सुई शिरे. मांडीचं मांस लोंबायला लागलं होतं. गोदूबाई स्वतःच्या पायाकडे शेजारणीच्या पोराकडे बघावं तशी बघायची. माझा नाही हा, सांभाळायला कुणीतरी आणून ठेवलाय.

पडवीतून समुद्र दिसत नव्हता, पण वारा दिसायचा. माडाच्या झावळ्या कुठल्या अंगाला लवतात त्यावरून तिला कळे, आज खळ्यावर जवळा कसा वाळेल. खळं म्हणजे वाडीच्या खाली, पुळणीच्या वर, सारवलेली लांबट जमीन. तिथं बायका कोळंबीसारखा पण बोटभरही नसलेला तो बारीक जवळा जाळ्यावर पसरतात, उन्हात परततात, सुकवतात. प्रत्येकीची जागा ठरलेली. गोदूबाईची अगदी टोकाला, उंडीच्या झाडाजवळ. तिथं दुपारनंतर सावली, आणि वारा सगळ्यात आधी. ती जागा तिला सासूकडून, गंगुबाईकडून आली होती.

*

दसऱ्याला खळं उघडतं. त्या सकाळी ज्या त्या बाईनं आपली पाटी धुवायची, झेंडूचं फूल खोचायचं आणि आपल्या हातानं आपल्या जागेवर पालथी घालायची. पाटी पालथी पडली की मोसमभर जागा तिची.

गोदूबाईनं आदल्या दिवशीच पाटी घासून घेतली होती. सकाळी हिरवं लुगडं नेसली, फूल खोचलं, पाटी मांडीवर घेऊन बसली. उठायला गेली आणि गुडघ्यानं असा चावा घेतला की डोळ्यापुढं चांदण्या. बसली. परत उठली, परत बसली. खाली खळ्यावर बायकांचा गलका सुरू झाला होता.

"आई, ऱ्हावदे ना," मनिषा म्हणाली.

"जाते गो जरा वेळानं. ऊन वर येऊ दे."

ऊन वर आलं, डोक्यावर आलं. गोदूबाईचा डोळा लागला. जाग आली तेव्हा मांडीवर पाटी नव्हती.

मनिषा मंडणगडाकडची, भातशेतीच्या घरची. इथं आल्यापासून अंगणवाडीत मदतनीस. खळ्याशी तिचा संबंध दुपारचा डबा पोचवण्यापुरता. सासूच्या डोळ्यातलं पाणी तिनं मघाशी बघितलं होतं, आणि तिला एवढंच कळलं की आज पाटी गेली नाही तर जागा जाईल. तिनं हलक्या हातानं पाटी उचलली, पळत पाखाडी उतरली आणि उंडीखाली नेऊन पालथी घातली. बायका हातातलं काम टाकून बघत राहिल्या. मनिषाला वाटलं, आपलं कौतुकच चाललंय.

दुपारी बायका वर आल्या. ओळीनं, पदर सारखे करून, पुढं यमुनाबाई. तिची जागा गोदूबाईच्या शेजारची, आणि घरही शेजारचंच. हातात नारळ, विड्याची पानं, कुंकवाची कोयरी. गोदूबाईनं नारळ बघितला आणि रिकाम्या मांडीवरून हात फिरवला.

"सुटलीस गो गोदे," यमुनाबाई तिच्या कपाळाला कुंकू लावत म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. "सुनंच्या हातनं पाटी घातलीस, आमाला आदी सांगितलास बी नाय."

खळ्याचा कायदा जुना होता. सुनेनं सासूची पाटी पालथी घातली की सासूनं खळ्यावरून उतरायचं ठरलं. मग बायकांनी तिला नारळ द्यायचा आणि त्रिपुरी पुनवेच्या आत तिनं तो आपल्या हातानं फोडायचा. ज्या म्हातारीनं तो फोडला, ती परत खळ्यावर बसत नाही. गंगुबाईनं नारळ फोडला तेव्हा त्याचं खोबरं गोदूबाईनंच वाटलं होतं. त्यानंतर गंगुबाई याच पडवीत, याच खांबाला टेकून बसली ती बसलीच.

गोदूबाईनं नारळ ओटीत घेतला. घ्यावाच लागतो. पण तिनं तो फोडला नाही. बायका जाईपर्यंत हसत राहिली, मग म्हणाली, "मनिषा, हिकडं ये."

"काय, आई?"

"पाटी तू घातलीस?"

"व्हय. तुमी झोपलावात, म्हटला जागा जायला नको..." सासूचा चेहरा बघून ती थांबली. "काय झाला? चुकला काय?"

गोदूबाईनं सांगितलं तेव्हा मनिषा मटकन खाली बसली. "मला काय म्हाईत, आई! मला काय म्हाईत?" रडून रडून तिचं नाक लाल झालं. "जाऊन सांगते त्यांना. पाटी उचलून आणते."

"घातलेली पाटी परत नेता येत नाय."

संध्याकाळी आनंदा बोटीवरून आला. त्यानं ऐकलं, हात धुतले आणि म्हणाला, "बरा झाला. कधीतरी होणारच होता. आता तरी गप बसशील." तो हे मायेनंच बोलला. गोदूबाईला तिथून पुढं गुडघ्यात दुखतंय की छातीत, ते समजेना. तिनं नारळ देवाजवळ ठेवायला दिला नाही. पडवीच्या कोनाड्यात, डोळ्यासमोर ठेवायला लावला.

*

दोनच दिवसांनी यमुनाबाई काठी आपटत आली. "ऊठ. चल माज्याबरोबर."

"कुठं?"

"सरकारी दवाखान्याच्या मागं. रत्नागिरीची पोर येते दर मंगळवारी, म्हाताऱ्यांची शाळा घेते. माज्या खांद्यासाठी मी जाते."

"बरा झाला का खांदा?"

"नाय. पण आता मीच त्याला वागवते, तो मला नाय."

रिक्षा करून गेल्या. दवाखान्याच्या मागच्या पडवीत पाच-सहा म्हातारे-म्हाताऱ्या बाकड्यांवर बसलेले. त्यात धाकू तांडेल होता. त्याची कंबर धरल्याला इतकी वर्षं झाली होती की वाडीतली पोरं त्याला बघून रस्ता बदलत, कारण एकदा कमरेची कथा सुरू झाली की भरती येऊन ओहोटी लागायची.

व्यायाम शिकवणारी ती रत्नागिरीची पोर म्हणजे वेदिका, भाट्याची. केस मागं बांधलेले, पायात साध्या चपला. तिनं गोदूबाईचा गुडघा बघितला, वाकवला, पाय वर करायला लावला, आपल्या हातावर दाबायला लावला. दुखतंय का, असं तिनं विचारलंच नाही.

"आजी, गुडघा मधे आला नसता तर आत्ता काय करत असता?"

असं गोदूबाईला महिन्याभरात कुणी विचारलं नव्हतं. मग तिला दसऱ्यापासूनचं सगळं बोलावं लागलं. पाटी, नारळ, पुनव. "पुनवेच्या आत माज्या जागेवर जाऊन बसायचाय. माजी पाटी मी उताणी करीन, माजा जवळा मी परतीन. पुरता दिवस नको. पण माज्या पायानं जायचाय."

"जाऊ," वेदिका म्हणाली. "पण मी खोटं सांगणार नाही. गुडघा नवा होणार नाही. दुखणं पुरतं जाईल असंही नाही."

गोदूबाईला ती पोर तिथंच आवडली.

"तुमच्याकडे कुत्रा आहे का, आजी?"

"हिचा हाय. पोस्टमनवर भुंकतो, माज्यावर बी भुंकतो."

"आणि चोर आला तर?"

"चोर आला तर माज्या खाटेखाली जातो," यमुनाबाई म्हणाली. सगळे हसले.

वेदिकाही हसली. "म्हणजे भुंकला की चोरच आला, असं नाही. दुखण्याचं तेच आहे. तुम्ही पडलात तेव्हा ते खरोखरीच्या चोरावर भुंकलं. पण महिनाभर खुर्चीत बसून, सारखं त्याच्याकडेच लक्ष देऊन, ते इतकं बिथरलंय की आता पान हललं तरी भुंकतं. दुखलं म्हणजे गुडघा मोडतोय असं दर वेळी नसतं. त्याला मारायचं नाही, त्याच्यापुढं पळायचंही नाही. तुमची चाल त्याला परत ओळखीची करून द्यायची."

मग तिनं बाकड्यावरून उठायला शिकवलं. पाय मागं, छाती पुढं, श्वास सोडत वर. गोदूबाई उठली, कळ आली, ती श्वास धरून ताठली.

"श्वास अडकवला की दुखणं वाढतं. काहीतरी म्हणत उठा. गाणं येतं?"

"हिला?" यमुनाबाई म्हणाली. "हिच्या ओव्या ऐकून जवळा उडी मारतो."

गोदूबाई लाजली. जात्यावरच्या, खळ्यावरच्या ओव्या तिच्या ओठांवर जन्मभर आपसूक यायच्या. महिन्याभरात एकही आली नव्हती. तिनं बाकड्याच्या कडेला हात टेकले, आणि अर्धी रागात, अर्धी गमतीत सुरू केलं:

पहाटेच्या पारी । गुडघा मला हाका मारी ।
म्हटलं, चल बरोबरी । बंदरात ॥

'बंदरात' म्हणताना ती उभी होती. दुखत होतं. पण उभी होती.

"आता एकच गोष्ट लक्षात ठेवा," वेदिका म्हणाली. "दुखायला लागल्यावर बसायचं नाही. दुखायच्या आधी बसायचं. आणि चांगला दिवस असला तरी ठरल्यापेक्षा जास्त करायचं नाही."

"पाणी चढायच्या आदी होडी वर घ्यायची," धाकू म्हणाला. "ह्ये म्हाईत असता तर माजी कंबर..."

"तांडेल," यमुनाबाई म्हणाली, "कंबर पुढच्या मंगळवारी."

*

पुढच्या मंगळवारी मनिषाही आली. वेदिकानंच बोलावलं होतं. तिला बाजूला घेऊन ती म्हणाली, "ताई, तुम्ही फार करता. एक कमी करा. दुखतंय का, हे विचारू नका."

"मंग काय विचारू?"

"जे तुम्ही कुणालाही विचाराल ते."

मनिषाला हे सगळ्यात अवघड गेलं. सासू उठायला लागली की तिचे हात आपोआप पुढं यायचे. ती ते पदरात गुंडाळून ठेवायची. तोंडाशी 'दुखतंय' यायचं, ती गिळायची आणि भलतंच काहीतरी बोलायची. "आई, आज वारा कुठचा?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा गोदूबाई चकित झाली. मग मान वळवून झावळ्या बघितल्या. "वरचा. बायकांना सांग, जवळा पातळ पसरा, लवकर वाळवून उचला. दुपारी उडेल."

मनिषा अंगणवाडीत जाताजाता खळ्यावर सांगून गेली. दुपारी वारा सुटला. संध्याकाळी यमुनाबाई ओरडून गेली, "गोदे, वाचवलास गो!" त्या संध्याकाळी गोदूबाईला जेवायला बसेपर्यंत गुडघा आठवला नाही. आठवला तेव्हा तिला नवल वाटलं. इतका वेळ होता कुठं हा?

सकाळी अंगणातल्या तुळशीपर्यंत. मग विहिरीपर्यंत. मग यमुनाबाईच्या पडवीपर्यंत, तिथं बसायचं, कुत्र्याला शिव्या घालायच्या, परत यायचं. मग पाखाडीची पहिली पायरी. त्या पायरीनंच तिला पाडलं होतं. गोदूबाई तिच्यापुढं आली आणि थबकली. ती भिंतीला धरून तशीच उभी राहिली. चिरा मधे खोलगट झाला होता, किती पावलांनी कुणास ठाऊक. तिच्या आणि तिच्या सासूच्याही. तिनं श्वास सोडला:

पाखाडीची पायरी । माझ्या वयाची सोयरी ।
दोघी झिजलो तरी । भार वाहू ॥

आणि उतरली. एकच पायरी. आणि वर आली. घामानं पाठ भिजली होती, पण तोंडावर असं हसू होतं की पाण्याला निघालेल्या पोरी थांबून बघायला लागल्या.

*

दिवाळी झाली. भाऊबीजेला मनिषा माहेरी गेली आणि त्याच दिवशी सकाळी गोदूबाईचा गुडघा गप्प होता. उठली, कळ नाही. विहिरीपर्यंत गेली, कळ नाही. वेदिकाचं बोलणं कानात होतं, पण खाली खळ्यावर ताज्या जवळ्याचा वास सुटला होता आणि तो कानापेक्षा मोठा निघाला.

ती सगळी पाखाडी उतरली. कुणाशी न बोलता यमुनाबाईच्या ढिगापाशी उकिडवी बसली आणि जवळ्यातला कचरा वेचायला लागली. हात सुटले. बोटांना सगळं आठवत होतं. बायका हसल्या, बोलल्या, ती बोलली. ऊन कलेपर्यंत वेचत राहिली.

उठायला गेली तर पायच नाही. गुडघा नारळाएवढा झाला होता. दोघींनी धरून, बसत-उठत वर आणली. पुढचे दिवस पलंगावर गेले. चादरीचा स्पर्शही नको वाटायचा. कोनाड्यातला नारळ दिसत होता. पुनव जवळ येत होती.

आनंदा तापला. "त्या बाईकडे आता जायचा नाय! गाणी म्हनून गुडघं बरं होतात काय?" त्यानं कोनाड्यातून नारळ काढला, पलंगाशी आणला, एका हातात कोयता. "ह्यो फोड. माज्यासमोर फोड आनि मोकळी हो."

"ठेव तो."

"आये—"

"ठेव म्हनते ना!"

त्यानं नारळ आणि कोयता खाली ठेवला. तेवढा मोठा खलाशी, दाढी पांढरी व्हायला लागलेली, तो पलंगाच्या कडेवर बसला. "तू पडलीस तवा मी बोटीवर होतो. फोन लागत नव्हता. बंदरात आल्यावर कुणीतरी सांगितला, म्हातारी पडली. पडली म्हंजे काय, ता कुणी सांगीना. बंदरापासनं घरापर्यंत मी पळत आलो, आये. तुला काय म्हाईत माजा काय झाला ता."

गोदूबाईनं त्याच्या हातावर हात ठेवला. खारानं तडकलेला हात.

"तुजा बापूस दर्यावर जायचा. आता तू जातोस. वादळ येतंय म्हनून मोबाईल वाजतो तवा माजा बी काय होतो ता मलाच म्हाईत. मी कधी म्हटला तुला, खुर्चीत बस?"

आनंदानं कोयता पायानं पलंगाखाली सारला.

"मी जाताना पडीन बी एखाद दिवशी. पन बसून बसून मरायची नाय मी, आनंदा. तुजी आजी तशी मेली. मी बगितलाय."

आनंदानं उठून नारळ उचलला आणि कोनाड्यात जागच्या जागी ठेवला.

मंगळवारी वेदिका घरी आली. रागावली नाही. "चुकलं कुठं, सांगा," एवढंच म्हणाली.

"चांगला दिवस बगून हावरी झाले."

"बास. तुम्हाला कळलंय. सूज उतरेल. आज उठून दारापर्यंत, उद्या तुळशीपर्यंत. आपण मुळापासून नाही सुरू करत, पाय सगळं विसरलेला नाही. पण आजी, उकिडवं बसणं आता सोडावं लागेल."

"उकिडवा न बसता जवळा कुणी परतला हाय?"

मनिषा चुलीपाशी होती. तिनं मान वर केली. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ मंडणगडाहून येणार होता. तिनं त्याला फोन लावला आणि म्हणाली, "येताना आपल्या खळ्यातला दाताळा घेऊन ये. भात परतायचा."

दाताळं आलं. लांब दांड्याचं, हलकं, लाकडी दातांचं. मनिषानं दातांमधे जाळ्याचा तुकडा बांधला आणि अंगणात मूठभर सुकट पसरून दाखवलं. उभ्यानं, न वाकता, सुकट अलगद उलटली. गोदूबाईनं दांडा हातात घेतला, दोनदा ओढला. "सुकट मोडते थोडी."

"हाताला सवय नाय म्हनून."

"सासूला शिकवतेस?"

"व्हय," मनिषा म्हणाली. सासू हसली तेव्हा तीही हसली.

आनंदा सगळं पडवीतून बघत होता. संध्याकाळी घरामागून करवतीचा आवाज आला. निळ्या खुर्चीचे पाय त्यानं खालून कापले होते. जवळ्याला हात पुरेल आणि गुडघा पुरता मुडपणार नाही, इतकी उंची त्यानं आईला बसवून बसवून धरली होती. कापलेल्या टोकांना जुन्या टायरचं रबर ठोकलं होतं, वाळूत रुतू नये म्हणून.

"बसून बग," तो म्हणाला, आणि तिच्या गुडघ्याकडे न बघता समुद्राच्या अंगाला बघत राहिला.

*

पुनवेला सकाळीच गोदूबाई निघाली. हिरवं लुगडं, अंबाड्यात झेंडू. हातात काठीच्या जागी दाताळं. मागून आनंदा खुर्ची घेऊन, मनिषा नारळ पदराखाली घेऊन. कुणीच तिला धरलं नाही. पाखाडीच्या मधल्या वळणावर ती दुखायच्या आधी बसली. आनंदानं खुर्ची खाली टेकवली, उठल्यावर परत उचलली. खाली यमुनाबाईचा कुत्रा भुंकला.

"भुंक मेल्या," गोदूबाई म्हणाली. "मीच हाय."

खळ्यावर ऊन पसरलं होतं. बायकांचे हात थांबले. उंडीखाली महिनाभर पालथी पडलेली पाटी वाळूनं माखली होती. आनंदानं शेजारी खुर्ची ठेवली आणि बाजूला झाला. गोदूबाई बसली. गुडघ्यात कळ होती, ओळखीची. तिनं पाटी दोन्ही हातांनी उचलली, वाळू झटकली आणि उताणी ठेवली.

"गोदे," यमुनाबाई म्हणाली. "तू आलीस, माज्या हातात बळ आला. पन नारळ घेतलेला हाय तू. आज पुनव."

"परत आनलाय. घ्या."

"दिलेला नारळ परत कसा घ्यायचा? खळ्याचा नारळ फुटायलाच पायजे."

"आनि फोडला की उतरले."

"व्हय," कुणीतरी हळू म्हणालं.

गोदूबाईनं नारळ मांडीवर घेतला. शेंडी धरून फिरवला. इथवर पायानं आली, श्वासानं आली. आता कायद्यापुढं कुठली ओवी म्हणायची? सगळ्या बायका तिच्या हाताकडे बघत होत्या.

मनिषा पुढं आली. तिनं सासूच्या मांडीवरून नारळ उचलला आणि उंडीच्या बुंध्याशी असलेल्या दगडावर दाणकन आपटला. दोन भकलं झाली. पाणी वाळूत गेलं.

"अगो!" यमुनाबाई ओरडली. "ज्याचा त्यानं फोडायचा असतो!"

मनिषानं डोळे मोठे केले. "अगो बाय! मला काय म्हाईत?"

मग यमुनाबाईच्या तोंडातून आधी एक फुसकारा आला, मग ती दुखऱ्या खांद्याला धरून हसायला लागली आणि तिच्यामागं सगळं खळं हसायला लागलं. "सून शिकली गो गोदे! सून खळ्यातली झाली!"

"नारळ फुटला नव्हं?" गोदूबाई म्हणाली.

"फुटला."

"माज्या हातनं?"

"नाय बाबा. आमी सगळ्यांनी बगितलाय."

"मंग खोबरा वाटा. आनि जवळा आना माजा, ऊन चढलाय."

मनिषानं खोबरं वाटलं. शेवटचा तुकडा सासूच्या हातावर ठेवला आणि क्षणभर तिच्या तोंडाकडे बघत राहिली. काहीतरी ओठांशी आलं होतं. ते तिनं गिळलं. "आई, आज वारा कुठचा?"

"खालचा. जाड पसरला तरी चालेल."

पाटीभर जवळा जाळ्यावर आला, गुलाबी, ओला, उन्हात चमचमणारा. गोदूबाईनं खोबरं गालात धरलं, पाय मागं घेतले, छाती पुढं केली आणि श्वास सोडत उठली. दाताळ्याचा दांडा हातात बसला. शेजारच्या बायका त्या भाताच्या अवजाराला नावं ठेवत होत्या. तिनं लक्ष दिलं नाही. एक ओढ, एक श्वास. जवळा उलटत गेला. गुडघा बोलत होताच. तिनं त्याचं ऐकलं, आणि आपलं गाणं लावलं:

दुखण्या, बस शेजारी । नको करू शिरजोरी ।
जवळा वाळू दे दुपारी । मग बोलू ॥